तात्यांच्या हाताला बसेल असा लॅपटॉप

आमच्या ऑफिसात एक लॅपटॉप घेतला गेला, त्याला आता वर्ष होईल. तेवढ्या भांडवलावर मी तालुक्यातली तज्ज्ञ झाले आहे. कुणाच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा असो, कुणा ग्रामसेवकाला गावोगाव फिरवायला हवा असो, फोन मला येतो. "मॅडम, तुम्ही तो उलटा दुमडणारा घेतलाय ना? कसा आहे?" मी आधी नीट सांगायला जाते. वजन, बॅटरी, पेन. पण दोन वाक्यांत गाडी घसरते आणि मी किस्सा सांगायला लागते. किस्से हे घरातल्या रिकाम्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, आणि एक दिवस कपाट उघडावं तर अंगावर पडतात. फोन ठेवताना समोरचा माणूस हसत असतो, पण कुठला लॅपटॉप घ्यायचा ते त्याला अजिबात कळलेलं नसतं. म्हणून म्हटलं, एकदाच काय ते लिहून टाकावं.

ऑफिस म्हणजे बारामती एमआयडीसीच्या कडेला तीन खोल्या. डाळिंब, द्राक्ष, पेरूच्या बागांना सल्ला द्यायचा, आणि ज्यांचा माल परदेशात जातो त्यांच्या बागांची तपासणी करून फॉर्म भरायचा, हा आमचा धंदा. देवकाते साहेब मालक. जगताप तात्या सगळ्यांत जुने, बागा तेच फिरतात. मी फॉर्म आणि कॉम्प्युटर सांभाळते, आणि अडलंनडलं तर स्कूटीवरून बागेतही जाते. एका बाजूला मोरगाव, दुसऱ्या बाजूला इंदापूर, आणि मधल्या रस्त्यावर आमचं आयुष्य.

* * *

जुना लॅपटॉप आमच्याकडे होताच. वजन असं, की तात्या तो मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून पोटानं दाबून धरायचे. बॅटरीत जीव नव्हता. चार्जर काढला की थोडा वेळ तग धरायचा आणि डोळे मिटायचा.

निमगाव केतकीला एक आबा आहेत, त्यांच्या डाळिंबात तात्या आणि मी तपासणीला गेलो होतो. फॉर्म अकरा पानांचा. सातव्या पानावर स्क्रीन काळी झाली. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"काय झालं?"

"चार्जिंग संपलं, आबा. मोटारीच्या पेटीतून जरा लाइट मिळेल का?"

"लाइट दुपारनंतर हाय." आबांनी लॅपटॉपकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "आमच्या हिरीवरची मोटार आठ तास चालती. तुमचं ह्ये आठ पानं बी चालंना?"

उरलेली पानं तात्यांनी वहीत लिहून घेतली. बॅटरी संपली की वहीत लिहायचं आणि ऑफिसात येऊन मी टाइप करायचं, अशीच आमची पद्धत होती. या वेळी मी टाइप करताना एका फवारणीची तारीख चुकवली आणि फॉर्म वरून परत आला. चूक माझी, पण साहेबांनी राग वहीवर काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "या हंगामापासून वही बंद. बागेत उभं राहून मशीनवर फॉर्म भरायचा, शेतकऱ्याची सही तिथंच स्क्रीनवर घ्यायची. दुमडून पाटीसारखा हातात धरता येतो, तसला लॅपटॉप घेऊ. ज्याला जमणार नाही त्यानं ऑफिसात बसून फायली लावायच्या."

'ज्याला' म्हणजे कोण, ते कुणाला विचारावं लागलं नाही. तात्या नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, खुर्चीत बसून मी सहा म्हैनं बी टिकायचो न्हाय बघा." हसत म्हणाले, पण मला ते हसणं बघवलं नाही. तीस वर्षं झाडांतून फिरलेला माणूस खुर्चीत बसणार, आणि तेही माझ्या चुकीपायी. मी मनाशी ठरवलं, लॅपटॉप कुठलाही येवो, तो तात्यांच्या हाताला बसलाच पाहिजे.

* * *

भिगवण रोडला सचिनचं दुकान आहे. सचिनची स्वतःची द्राक्षबाग, आणि तिला सल्ला आमचा. त्यामुळे दुकानातले नमुन्याचे लॅपटॉप चार-चार दिवस वापरून बघायला द्यायचं त्यानं आनंदानं कबूल केलं. पुढं त्याला पश्चात्ताप झाला, पण ते नंतर.

साहेब यादी पाठ करून आले होते. प्रोसेसर कुठला, रॅम किती, स्टोरेज किती. सचिन उत्तरं देत होता आणि साहेब परीक्षकासारखी मान हलवत होते. तात्या मागं उभे. थोड्या वेळानं ते पुढं झाले आणि एकेक लॅपटॉप तळहातावर घेऊन हलकेच वरखाली करायला लागले.

"ह्यो तेराशे. ह्यो सोळाशेच्या आतबाहेर. आन् ह्यो दिसायला बारीक हाय, पर अठराशे भरंल."

हा माणूस डाळिंब तोडायच्या आधी झाडावरच हातात धरून ग्रॅम सांगतो, हे आम्हाला माहीत होतं. सचिनला नव्हतं. त्यानं खोके उलटे करून छापलेलं वजन वाचलं. तिन्ही उत्तरं वीस ग्रॅमच्या आत. सचिननं आतून अजून एक लॅपटॉप आणला. "तात्या, ह्याचं सांगा."

तात्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "चार्जरसकट सांगू का बिगर चार्जर?"

साहेबांच्या पाठ केलेल्या यादीत चार्जर नव्हताच. आणि एका लॅपटॉपचा चार्जर बाहेर काढला तर तो अर्धी वीट. जो रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडीवर हिंडणार त्यानं चार्जर धरूनच वजन करावं, हे मी आता फोनवर सगळ्यांना सांगते. माझ्या नावावर खपवते.

* * *

पहिला नमुना आणला तो दोन तुकड्यांचा. स्क्रीन ओढली की कीबोर्डपासून वेगळी होते. साहेब त्यावर फिदा. "बघा, बागेत नुसती स्क्रीन न्यायची. हलकी. ऑफिसात आली की परत जोडायची."

पहिल्या दिवशी तात्या स्क्रीन घेऊन बागेत गेले, कीबोर्ड बॅगेसकट साहेबांच्या टेबलावर राहिला. साहेबांनी लॅपटॉप समजून दुपारी दोनदा बॅग उघडली आणि नुसता कीबोर्ड बघून दोनदा बंद केली.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मोरगावला एक अक्का आहेत. कोरडवाहूत ज्वारी, बाजरी, शेळ्या, आणि शेततळ्यावर जगवलेलं अर्धा एकर डाळिंब. स्वभावानं कडक. मी बॅग पाठीला लावली, पस्तीस किलोमीटर स्कूटी हाणली, बांधावर बसले, बॅग उघडली. आत फक्त कीबोर्ड. स्क्रीन ऑफिसात चार्जिंगला लावलेली.

अक्कांनी विचारलं, "मंग ह्यावर करायचं काय?"

मी म्हटलं, "ह्यावर टाइप करायचं, पण ते दिसणार बारामतीला." तेसुद्धा खोटंच होतं.

अक्का शेळीला कडेला सारत म्हणाल्या, "मंग सही तुमीच करा हितं. मी बारामतीला आले की बघीन कशी आलीय ती."

तात्यांनी ऐकलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीचं फर्मान निघाल्यापासून ते पहिल्यांदाच असे हसले, म्हणून मी त्या फजितीचं वाईट वाटून घेतलं नाही. मात्र ज्याचे दोन तुकडे होतात असं काहीही आमच्या ऑफिसात आणायचं नाही, हे नक्की झालं.

* * *

मग राहिले ते उलटे दुमडणारे. त्यांत तुकडा पडत नाही. कीबोर्ड फिरून पाठीमागं जातो आणि वर नुसती पाटी उरते. असे तीन लॅपटॉप सचिननं काउंटरवर मांडले. तिन्ही झकपक. साहेबांना तिन्ही आवडले.

तात्या म्हणाले, "हितं एसीत सगळंच चांगलं दिसतंय. उन्हात नेऊ या."

सचिन काही बोलायच्या आत तिन्ही लॅपटॉप बाहेर गेले. दुपारचे बारा. तात्यांनी ते आपल्या मोटारसायकलच्या सीटवर ओळीनं उघडे ठेवले आणि दोन पावलं मागं सरून, डोळे बारीक करून बघत उभे राहिले. एकात फक्त तात्या दिसत होते. दुसऱ्यात तात्या आणि मागचं रसवंतीगृह. तिसऱ्यात मात्र अक्षरं वाचता येत होती.

भिगवण रोडवर भर दुपारी तीन लॅपटॉप मोटारसायकलवर मांडलेले, आणि समोर तात्या हाताची घडी घालून. दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली. मार्केट यार्डात माल असाच मांडतात, आणि बघणारे असेच गप्प उभे राहतात. एका पटकेवाल्या गृहस्थांनी मधल्या लॅपटॉपवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कितीला सुटला?" दुसऱ्यानं कोपऱ्यातला उचलून खालून बघितला, डाळिंबाला डाग आहे का बघतात तसा. तिसरा सचिनला कडेला घेऊन म्हणाला, "सगळा लॉट घेतला तर काय करशील?"

सचिननं हात जोडले आणि तिन्ही लॅपटॉप पोटाशी धरून आत पळाला. "तात्या, माझं हे दुकान आहे, मार्केट यार्डातली अडत नाही."

"आरं पर गिऱ्हाईक कुणी आणलं?" तात्या म्हणाले.

तो तिसरा लॅपटॉपच घेतला. उन्हात दिसणारा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा, दिवसभर बॅटरी पुरणारा. साहेबांच्या यादीतले बाकीचे गुण त्यात होते की नव्हते, ते साहेबांनी परत तपासलं नाही.

* * *

लॅपटॉप आला तो गुरुवारी. आमच्याकडे नवीन वस्तू पूजा केल्याशिवाय वापरत नाहीत. ट्रॅक्टर असो, फवारणीचा पंप असो, लॅपटॉपला वेगळा नियम कशाला? साहेबांनी तो अर्धा दुमडून टेबलावर तंबूसारखा उभा केला. हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. नारळ मी दारात फोडायला लावला, नाहीतर पाणी थेट कीबोर्डवर जाणार होतं.

मग साहेब म्हणाले, "मुहूर्त चांगला आहे. आत्ताच बोटाचा ठसा देऊन चालू करतो."

हळद-कुंकवाचंच बोट त्यांनी ठशाच्या जागी पाच-सहा वेळा दाबलं. मशीननं ठसा घेतला. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळ करून, अत्तर लावून आले, बोट ठेवलं. उघडेना. पुसून ठेवलं. उघडेना. फुंकर मारली, शर्टाला घासलं. मशीन म्हणतंय, ओळखत नाही. पासवर्ड साहेबांनी मुहूर्ताच्या गडबडीत काय टाकला ते त्यांनाच आठवेना.

तात्या लांबून बघत होते. ते गुपचूप कोनाड्यापाशी गेले, हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आले आणि साहेबांसमोर धरला.

साहेबांनी आधी रागानं बघितलं. मग केबिनचं दार लोटून घेतलं. आतून दोन मिनिटांनी लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा बोट पिवळं होतं.

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण तात्यांचं काय? लॅपटॉप चांगला होता. तात्यांना तो जमत नव्हता.

पहिली अडचण, ते तो उलटा दुमडायलाच तयार नव्हते. "ताई, बिजागरीला तिच्या चालीच्या उलटं फिरवू नये. वाड्याचं फाटक आमी असंच घालवलं." मी दहा वेळा दुमडून दाखवला. दहा वेळा त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मोडताना बघायला नको म्हणून.

दुसरी अडचण बोटांची. तीस वर्षं माती, औषधं आणि काट्यांत गेलेली बोटं. कातडी इतकी राठ, की स्क्रीनला त्यांचा स्पर्शच कळायचा नाही. तात्या दाबायचे, जोरात दाबायचे, आणि मशीन ढिम्म. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते एकटेच त्याच्यासमोर बसलेले मी पाहिले. बोट उंच धरून बघत होते. म्हणाले, "झाडाला कळतंय माझं बोट. ह्याला कळंना." मला फार वाईट वाटलं.

मी बॅगेच्या कप्प्यातून लॅपटॉपचं पेन काढलं. त्याचा विचार माझ्या डोक्यात आधी का आला नाही, याची मला आजही लाज वाटते. लॅपटॉप दुमडून त्यांच्या डाव्या हातात दिला, उजव्या हातात पेन. त्यांनी आधी बिजागरी तपासली. मग घाबरत घाबरत एक रेघ मारली. रेघ उमटली. मग नाव लिहिलं. मग गावाचं नाव. मग एक डाळिंबाचं पान काढलं, त्यावर तेल्या रोगाचा डाग काढला, आणि डागाभोवती पिवळी कड कशी असते तीही काढली. साडेसात वाजले तरी माणूस थांबेना. शेवटी मी म्हटलं, "तात्या, घरी वाट बघत असतील."

"बघू द्या की," तात्या म्हणाले, "सांगा अभ्यास करतोय."

* * *

साहेबांना मात्र पटलं नव्हतं. "पान काढलं म्हणजे फॉर्म भरला असं होत नाही," म्हणाले. "शुक्रवारी तात्यांनी एकट्यानं तपासणी करायची. बरोबर कुणी जायचं नाही. चारच्या आत पूर्ण फॉर्म माझ्या ईमेलला. आला तर बागा तात्यांच्या. नाहीतर सोमवारपासून खुर्ची."

शुक्रवारी सकाळी तात्या लॅपटॉप पाठीला लावून गेले. मी काम करतेय असं नुसतं दाखवत होते. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला साहेब केबिनमधून बाहेर येऊन पाणी पिऊन गेले. त्यांनाही तहान लागली नव्हती. मी तात्यांना फोन लावला, लागला नाही. त्या भागात रेंज कुठं असते आणि कुठं नसते हे मला पाठ होतं, आणि तेच मला घाबरवत होतं.

चारला तीन मिनिटं कमी असताना साहेबांचा कॉम्प्युटर वाजला.

अकरा पानं. एकही रकाना रिकामा नाही. फवारण्यांच्या तारखा, औषधांची नावं, बागेचा नकाशा, कुठल्या ओळीत कुठल्या झाडाला डाग ते हातानं काढून दाखवलेलं. खाली शेतकऱ्याची सही. साहेबांनी पहिलं पान बसून वाचलं आणि बाकीची दहा उभं राहून. मी दारात उभी होते.

तात्या साडेपाचला आले. शर्टाला शेवाळ लागलेलं. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढले होते.

साहेबांनी त्यांना खांद्याला धरून केबिनमध्ये नेलं. "तात्या, असा फॉर्म मी आजवर बघितला नाही. तुम्हाला बागेत फिरवणं म्हणजे हुशारी वाया घालवणं आहे. उद्या आपली तीन नवीन मुलं रुजू होतायत. सोमवारपासून तुम्ही ऑफिसात बसायचं, एसीत, आणि सगळ्यांना हे शिकवायचं. कायमचं. तुमच्यासाठी चांगली खुर्ची मागवतो."

जी खुर्ची नको म्हणून माणूस टाकीवर चढला, तीच बक्षीस म्हणून मिळाली होती.

तात्या म्हणाले, "शिकवायचं मी. कुणाला, ते तुमी ठरवलं. कसं, ते माझ्यावर सोपवा."

"अर्थात. आणि मीसुद्धा शिकायला बसणार," साहेब खुशीत म्हणाले. "सगळ्यांत पहिलं नाव माझं घाला."

सोमवारी साहेब साडेनऊलाच आले. बैठकीच्या खोलीत टेबल पुसून घेतलेलं, खुर्च्या गोल मांडलेल्या, नवी खुर्ची मधोमध, तिच्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. एसी चालू. दहा वाजले. साडेदहा वाजले. ना तात्या, ना ती तीन मुलं, ना लॅपटॉप. साहेबांनी मला विचारलं. मला खरंच काही माहीत नव्हतं. चौघांचेही फोन लागेनात.

सव्वाअकराला साहेबांच्या ईमेलला एक पान आलं. तात्यांच्या ठसठशीत अक्षरात, पेननं लिहिलेलं. साहेबांनी ते उघडलं आणि मी त्यांच्या मागून वाचलं.

"प्रशिक्षण, दिवस पहिला. ठिकाण : निमगाव केतकी, आबांची बाग, खालचा तुकडा. वेळ : सकाळी सात. हजेरी पुढीलप्रमाणे. एक, देवकाते साहेब, गैरहजर."